दोन किलोंची जात

दिवेलागणीच्या थोडं आधी आमच्या गल्लीच्या टोकावरच्या पिंपळावर राघू उतरायला लागतात. आधी दोघं-तिघं येतात, मग सात-आठ, आणि मग एकदम चाळीस-पन्नासांचा थवा किंचाळत गच्चीवरून जातो. मी त्यांना मोजायचा प्रयत्न करतो. दहा पाखरांचा घोळका नजरेत धरायचा आणि तेवढ्याच मापाचे घोळके बोटांच्या पेरांवर मोजत जायचं. चारशेच्या आसपास पोचलो की हिशेब हमखास सुटतो. बसलेले पुन्हा उडतात, फांदीवरच्या जागेसाठी एकमेकांना ढकलतात, पानांतून नुसत्या शेपट्या हलताना दिसतात, आणि कलकलाट असा की शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. एका साध्या गल्लीतलं एक झाड आणि त्यावर चारशे राघू. आपल्याकडे याचं कुणाला नवल नाही.

आता यांच्याच एका जवळच्या भाऊबंदाची गोष्ट सांगतो. मॉरिशस बेटावर 'एको' नावाचा पोपट राहतो. १९८०च्या दशकात त्याची मोजदाद झाली तेव्हा जिवंत पाखरं निघाली आठ ते बारा. सगळ्या जगात मिळून एवढीच. त्यांत खात्रीनं माद्या म्हणून माहीत असलेली पाखरं होती तीन. एका एको पोपटाचं वजन १८० ग्रॅमच्या आसपास भरतं. बाराच्या बारा तराजूत घातले असते तर काटा २ किलो १६० ग्रॅमवर थांबला असता. मंडईतून कांदे आणतो ती पिशवी यापेक्षा जड असते. हा गुणाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा चुकलाच असणार म्हणून पुन्हा करून पाहिला होता.

दोघांना शेजारी शेजारी बसवलं तर अनोळखी माणूस फसेल. दोघेही हिरवे, दोघांचीही शेपटी लांब, दोन्हीकडच्या नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ. नीट पाहिलं की फरक दिसू लागतो. आपला राघू सडपातळ, वजनानं १२० ग्रॅमच्या आगेमागे, पोपटी रंगाचा. एको त्याच्या दीडपट जड, पाचूसारखा गडद हिरवा, पंख जरा रुंद आणि गोलसर, शेपटी आखूड, आवाज खालच्या पट्टीतला. सगळ्यात सोपी खूण चोचीची. राघूच्या नर-मादी दोघांचीही चोच लाल असते. एकोच्या नराची वरची चोच लाल, पण पूर्ण वाढलेल्या मादीची चोच काळी कुळकुळीत. पक्षिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, 'सिटाक्युला'. राघू 'क्रेमेरी', एको 'इक्वेस'. इक्वेस म्हणजे लॅटिनमध्ये घोडेस्वार.

हे भाऊ वेगळे झाले कधी? जनुकांच्या अभ्यासातून अंदाज निघतो तो सात ते वीस लाख वर्षांपूर्वीचा. राघूसारख्या कुणा पूर्वजाचे काही जीव समुद्र ओलांडून त्या ज्वालामुखीच्या बेटावर पोचले आणि तिथलेच झाले. मुंबईपासून मॉरिशस सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटरहून लांब आहे. ते कुठून निघाले, वादळात किती भरकटले, किती जण पाण्यात पडले, हे सांगणारं कुणी नाही. पण पोचले, आणि लाखो वर्षं तिथं सुखानं नांदले. बेटावर माकड नव्हतं, उंदीर नव्हता, माणूसही नव्हता.

हिशेबाला सोपं म्हणून मधला आकडा घेऊ, दहा लाख वर्षं. ती चोवीस तासांच्या एका दिवसात बसवू. डच गलबतं मॉरिशसला लागली १५९८ साली. तिथपासून पोपट बारावर येईपर्यंत गेली जेमतेम ३९० वर्षं. आपल्या चोवीस तासांच्या घड्याळात ती होतात चौतीस सेकंद. मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंत सगळं ठीक चाललेलं, आणि शेवटच्या चौतीस सेकंदांत जात दोन किलोंवर आली. त्याच बेटावरच्या डोडोला तर एवढेही सेकंद मिळाले नाहीत. त्याचं खात्रीचं म्हणता येईल असं शेवटचं दर्शन १६६२चं.

मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे तीन तुकडे केले तर त्यातल्या एकाहून थोडं मोठं. हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण १८३४पासून पुढे मळ्यांवर राबायला करारानं नेलेल्या साडेचार लाख हिंदी मजुरांत कोकणातली माणसंही होती. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथं मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मजूर आले ते उसासाठी, आणि उसासाठी बेटाचं रान आधीपासूनच साफ होत आलं होतं. आज तिथलं चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहून कमी उरलंय. १९७०च्या दशकातसुद्धा डोंगरमाथ्यावरचं बुटकं देशी रान तोडून तिथं पाइन लावले गेले. गलबतांबरोबर उंदीर आले, माकडं आली. दोघांनाही अंडी आणि पिल्लं आवडतात. परदेशी पेरूची झुडपं आली आणि त्यांनी जंगलाचा तळ असा भरून टाकला की देशी झाडाचं रोप उगवलं तरी त्याला ऊन मिळेना. वर चक्रीवादळं होतीच. वादळात पहिली पडतात ती म्हातारी, पोकळ झाडं, आणि पोपटाचं घर नेमकं त्यांच्याच ढोलीत असतं.

या घराण्यात एको निदान वाचला तरी. शेजारच्या रीयुनियन बेटावरचा त्याचा जुळ्यासारखा भाऊ १७३०च्या दशकानंतर कुणाला दिसला नाही. त्याचं एकच कातडं आज एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. रॉड्रिग्ज बेटावरच्या पोपटाचा शेवटचा नमुना १८७५ साली हाती आला. केंब्रिजमध्ये त्या जातीची दोन कातडी आहेत, आणि जगात तिचं पेंढा भरलेलं एवढंच शिल्लक आहे. एक कातडं आणि दोन कातडी. राघूचे आकडे लाखांनी मोजायचे आणि या नातलगांचे असे.

राघू मॉरिशसलाही पोचला, तो १८८६च्या सुमारास, पिंजऱ्यातून. सुटला, रुजला, आणि हजारोंनी झाला. तिथल्या क्रिओल बोलीत पोपटाला 'कातो' म्हणतात. एकाच बेटावर खालच्या गावा-शेतांत परदेशी कातो वाढत गेला आणि वरच्या दरीत देशी कातो बारावर आला. हवा तीच आणि पाऊसही तोच.

असं का व्हावं, याचं उत्तर मला दोघांच्या ताटात आणि घरात सापडतं. राघू काय खात नाही! पेरू, जांभूळ, हिरवी मिरची, शेंगा, सूर्यफूल, ज्वारीचं कणीस, सावरीच्या फुलातला मध. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला विचारा. एक राघू कणसाचे दाणे खातो थोडे आणि खाली सांडतो जास्त, आणि राखणीला माणूस नसला तर सूर्यफुलाच्या चकत्या एका सकाळीत पोकळ होतात. त्या शेतकऱ्याचा राग मला समजतो, त्याच्यासाठी चारशे हा आकडा कौतुकाचा नाही. घराच्या बाबतीतही राघूचं काही अडत नाही. झाडाची ढोली चालते, सुतारपक्ष्यानं कोरून सोडलेलं भोक चालतं, किल्ल्याच्या तटातली खाच चालते, इमारतीच्या भिंतीतलं छिद्रही चालतं. एको मात्र देशी झाडांची पानं, फळं, फुलं खाणारा, शेंड्यांतच वावरणारा, जमिनीवर क्वचित उतरणारा. त्याला ढोली लागते ती जुन्या देशी वृक्षाची, जमिनीपासून दहा-एक मीटर उंच, अर्धा मीटर खोल. झाडं गेली तेव्हा त्याचं जेवण आणि घर एकदमच गेलं.

आता तो आकडा, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. १९८४ ते २००७ या काळात युरोपात आयात झालेल्या राघूंची कागदोपत्री नोंद आहे १,४६,५३९. चोवीस वर्षांवर वाटली तर सरासरी दिवसाला सोळा-सतरा पाखरं पडतात. म्हणजे मॉरिशसच्या दरीत अख्खी जात बारा जिवांवर आलेली असताना तिच्या भावाची सोळा-सतरा पाखरं रोज खोक्यांतून युरोपात उतरत होती. एका जातीचं सगळं अस्तित्व दुसरीच्या एका दिवसाच्या मालापेक्षा कमी भरत होतं.

आमच्या आजोळी ओटीवर एक पिंजरा टांगलेला असे. त्यातला मिठू 'कोण आलंय' असं स्पष्ट विचारायचा आणि आम्ही मुलं हरखून जायचो. त्याचे पंख दर काही महिन्यांनी कातरले जातात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. कातरलेल्या पिसांची टोकं आठवली की आजही पोटात कालवतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आपल्या पोपटांना संरक्षण आहे, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून देशी पाखरांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आहे, आणि तरीही गल्लीबोळांतून ते पिंजरे दिसतात. पिंजऱ्याचं दार कुठेतरी उघडं राहतंच. युरोपातही राहिलं. तिथल्या रानटी झालेल्या राघूंचे जनुक तपासले तेव्हा त्यांचं मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर हिंदुस्थानातलं निघालं. थंडी सोसायची सवय त्यांनी माहेराहूनच नेली होती.

लंडनच्या पोपटांबद्दल एक दंतकथा लोक हौसेनं सांगतात, की गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं एक जोडी सोडली आणि तिथून सगळा पसारा वाढला. २०१९ साली संशोधकांनी जुन्या नोंदी नकाशावर मांडून ती निकालात काढली. इंग्लंडमध्ये राघूनं घरटं केल्याची नोंद १८५५पासूनची आहे, आणि कायमची वस्ती धरली जाते ती १९६९पासून, केंटमध्ये. आज तिथं तीस हजारांहून जास्त आहेत. वजनात सांगायचं तर साडेतीन टनांच्या वर राघू. ईशर गावाच्या रग्बी मैदानाकडेच्या पॉप्लर झाडांवर एकेकाळी रात्रीच्या मुक्कामाला सात हजारांच्या घरात राघू उतरत. जगातले सगळे एको पोपट आज त्या झाडांवर नेऊन बसवले तरी दहा फांद्यांतली जेमतेम एक भरेल.

पण माझी झोप उडवली ती ब्रसेल्सच्या हिशेबानं. तिथं १९७४ साली एका करमणूक बागेतून चाळीसेक राघू सोडले गेले. शहराला रंग यावा, एवढाच हेतू. २०१५च्या आसपास ते दहा हजारांच्या घरात होते. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. तशीच दुप्पट करत जाऊ. ४०, ८०, १६०, ३२०, ६४०, १,२८०, २,५६०, ५,१२०, १०,२४०. आठ दुपटी, चाळीस-एक वर्षांत. म्हणजे साधारण सव्वापाच वर्षांना एक दुप्पट.

आता एको घ्या. १९८७ साली बारा धरू. २०१९ साली रानात साडेसातशेच्या आसपास होते. १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४, ७६८. सहा दुपटी, बत्तीस वर्षांत. एका दुपटीला पुन्हा सव्वापाच वर्षं!

आकडे ढोबळ आहेत, मधल्या वर्षांत दोन्हीकडे चढ-उतार झाले, हे मान्य. तरी मी ते पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. नाजूक, बेटावरचा, मरू घातलेला म्हणून ज्याची ओळख, तो पोपट युरोप काबीज करणाऱ्या राघूच्याच वेगानं वाढला. फरक एवढाच की ब्रसेल्समधल्या आठ दुपटी राघूंनी स्वतःच्या स्वतः केल्या आणि मॉरिशसमधली प्रत्येक दुप्पट माणसांनी हातांनी ओढून आणली.

ती कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एको मादी दोन ते चार अंडी घालते, पण फाटक्या जंगलात आईबापांना चारा पुरत नाही, आणि ढोलीतून बहुधा एकच पिल्लू उडतं. बाकीची उपासमारीनं मरतात. वेल्सहून १९७९मध्ये तिथं गेलेले कार्ल जोन्स आणि त्यांचे सहकारी यांनी नेमकं इथं बोट ठेवलं. दोरांवरून झाडावर चढायचं, ढोलीत हात घालायचा, पिल्लं बाहेर काढून वजन करायची. कुठलं पिल्लू कालच्यापेक्षा हलकं झालंय, ते पाहायचं. मागे पडलेलं खाली आणायचं, उबेच्या पेटीत ठेवायचं, चमच्यानं भरवायचं. एखाद्या जोडीची अंडी वाया गेली असतील तर दुसरीकडचं जास्तीचं पिल्लू तिच्या ढोलीत ठेवून द्यायचं. आईबापाला मोजता येत नाही, समोर चोच उघडली की ते भरवतात. मरणारच होती ती पिल्लं जगवायची, म्हणजे रानातून काही कमी न करता पोपट वाढतो. मला या साऱ्या कामात हा विचार सगळ्यात सुंदर वाटतो.

ढोल्यांचीही डागडुजी झाली. आत पावसाचं पाणी साचून पिल्लं बुडायची, म्हणून निचरा केला. पिल्लांचं रक्त पिणाऱ्या माश्यांच्या अळ्या असत, त्यांच्यासाठी औषध घातलं. उंदीर आणि माकडं चढू नयेत म्हणून खोडांना गुळगुळीत पत्रे गुंडाळले, आजूबाजूच्या फांद्या छाटल्या. पुढे लाकडी पेट्या टांगल्या. १९९३मध्ये बंदिवासात पिल्लू झालं, १९९४मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९९७पासून हातावर वाढवलेले पोपट रानात सोडले जाऊ लागले, शंभराहून जास्त. याच पोपटांनी रानातल्यांना एक गोष्ट शिकवली. जंगलात ठेवलेल्या खाऊच्या डब्यांकडे रानातले फिरकत नसत. पिंजऱ्यात वाढलेल्यांना डबा उघडायचा कसा हे ठाऊक होतं. त्यांचं पाहून बाकीचे आले. ज्या पिंजऱ्यानं राघूला जगभर पसरवलं, त्याच पिंजऱ्यात वाढलेले जीव इथे भावाच्या घरी धान्य पोचवत होते.

प्रत्येक पिल्लाच्या पायात रंगीत कडी घातली जात असे. कुणाचं कोण, कुठल्या ढोलीत जन्मलं, कुणाशी जोडी जमली, सगळं वहीत. मी गच्चीवरून दहा-दहाचे घोळके मोजतो आणि चारशेला चुकतो. तिथं कोणी चुकलं असतं तर जातीचा बारावा हिस्सा हिशेबातून गेला असता.

२००४-०५च्या सुमारास घात होता होता राहिला. चोच आणि पिसं झडवणारा एक विषाणूजन्य रोग पोपटांत शिरला. तरुण पाखरांची पिसं गळू लागली, कित्येक गेली. बेटावरच्या राघूंमध्येही हाच विषाणू आढळला आहे. ढोली ते ढोली हात फिरवणारी माणसंच रोग पसरवतील या भीतीनं पिल्लांची अदलाबदल आणि हातावरची वाढ थांबवावी लागली. तेव्हा ही माणसं किती रात्री जागली असतील! पण तोवर पोपट काही शेकड्यांवर पोचले होते, आणि डबे व पेट्या यांच्या आधारावर ते वाढत राहिले. बारा असताना हा रोग आला असता तर एडिंबरो-केंब्रिजच्या कपाटांत आणखी एका जातीची भर पडली असती. २००७ साली या पोपटावरचा धोक्याचा शिक्का एक पायरी उतरला, २०१९ साली आणखी एक.

राघूचं ओझं वाटू लागलं की काय होतं, तेही हिंदी महासागरातच पाहायला मिळालं. सेशेल्समधल्या माहे बेटावर राघू सुटले होते. तिथल्या प्रालँ बेटावरच्या काळ्या पोपटाला, त्या देशाच्या राष्ट्रीय पक्ष्याला, त्यांच्यापासून धोका म्हणून काही वर्षांच्या मोहिमेत पाचशेहून अधिक राघू मारून माहे बेट मोकळं करण्यात आलं. एका बेटावर पाचशे वाचवायला तीस वर्षं खपायची, दुसऱ्यावर पाचशे संपवायला मोहीम काढायची. दोन्ही निर्णय मला पटतात, आणि दुसरा लिहिताना हात जड होतो.

ब्रसेल्सची बेरीज त्याच वेगानं चालू ठेवली तर आणखी दहा दुपटींनी, म्हणजे पन्नासेक वर्षांत, राघू एक कोटीवर जातील, बेल्जियममधल्या माणसांइतके. तसं होणार नाही, ढोल्या आणि दाणे कुठेतरी संपतातच. एकोच्या बाबतीत ती हद्द फार जवळ आहे. साडेसातशेचे दीड हजार व्हायला एकच दुप्पट हवी, पण त्यांचं उद्यान सदुसष्ट चौरस किलोमीटरचं, आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दोन तृतीयांश, आणि त्यातही सलग देशी रान थोडंच. म्हणून २०१५पासून काही पोपट पूर्वेकडे फर्नेच्या दरीत नेऊन सोडले. म्हणून उद्यानातल्या निवडक तुकड्यांना कुंपण घालून माणसं गुडघ्यांवर बसून पेरूची रोपं मुळापासून उपटतात, पुन्हा उगवली की पुन्हा उपटतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत देशी वृक्षांची वीतभर रोपं लावतात. त्या खोडात अर्धा मीटर खोल ढोली तयार व्हायला शंभर वर्षांच्या पुढे जावं लागेल. तोवर लाकडी पेट्या दरवर्षी दुरुस्त करायच्या आहेत.